जावळ मामाच्या मांडीवर काढतात

आमच्या घरी माझ्या जावळाचा एक फोटो आहे. मामा पाटावर मांडी घालून बसलाय आणि मी त्याच्या मांडीत तोंड वाकडं करून रडतेय. न्हावीकाकांच्या हातात वस्तरा आहे, पण तो हवेत. आजी खुळखुळा वाजवतेय. आई सांगते, अर्धं डोकं झाल्यावर मी इतका आकांत मांडला की काकांनी सामान आवरलं आणि म्हणाले, "राहू द्या, उद्या येतो." एक अख्खी रात्र मी अर्धं टक्कल घेऊन घरभर रांगत होते. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लेकरू रडलं की हात थांबवायचा, एवढं सगळ्यांना कळत होतं.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला, गोटीला, पुण्यातल्या एका ग्रूमिंग सलॉनमध्ये नेलं. तिचंही ते जावळच. पण तिच्यासाठी मांडी नव्हती आणि "उद्या येतो" म्हणणारं कुणी नव्हतं. त्या दीड तासाबद्दल मला भांडायचंय. सलॉनशी, तुमच्याशी आणि सगळ्यात आधी स्वतःशी.

गोटी शित्झू आहे. ओळखीतल्या एका घरी पिल्लं झाली होती, त्यातली ही एक. आता काही जण म्हणतील, देशी कुत्रं आणलं असतंस तर सलॉनची वेळच आली नसती. बरोबर आहे. देशी कुत्र्याचे आखूड केस आपोआप झडतात, त्याला ब्रश आणि अधूनमधून अंघोळ पुरते. शित्झूचे केस मात्र वाढतच राहतात. विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात, गाठींखाली कातडी लाल होते, डोळ्यांत केस जातात. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून हे केस तिच्या अंगावर चढवलेत. म्हणून ग्रूमिंग ही तिच्यासाठी चैन नाही. आयुष्यभर, दर महिन्या-दीड महिन्याला, कुणीतरी कात्री घेऊन तिच्या जवळ जाणार आहे. ज्या गोष्टीतून तिला शंभरेक वेळा जायचंय, तिची पहिली वेळ कशी गेली याला म्हणूनच फार महत्त्व आहे.

सलॉन झकास होतं. भिंतीवर पंजांचे ठसे, काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या, एसी. पॅकेजचं नाव 'पपी स्पा'. अंघोळ, ब्लो ड्राय, केस, नखं, कान, परफ्यूम आणि शेवटी डोक्यावर बो. १,६०० रुपये. मी विचारलं, "मी आत थांबू का?" काउंटरवरचा मुलगा हसला. "नाही ताई, पेट पॅरेंट्सना आत सोडत नाही. तुम्ही दिसलात की ती जास्त नाटकं करेल." मी फॉर्मवर सही केली. फॉर्ममध्ये तिच्या लसींची माहिती विचारली होती. ती कधी ब्लोअरजवळ गेली आहे का, पायांना हात लावू देते का, कशाला घाबरते, यातलं काहीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

आत बघायला काच होती, पण तिच्यावर पांढरा स्टिकर लावलेला. आधी पाण्याचा आवाज आला, मग ब्लोअरचा, मग गोटीचा. तिचा तसला आवाज मी घरी कधीच ऐकला नव्हता. मी उठले. मुलगा म्हणाला, "पहिल्यांदा सगळेच ओरडतात, ताई." मी बसले. थोड्या वेळाने तिचा आवाज थांबला आणि मला हायसं वाटलं. या सगळ्या प्रकारातली माझी सगळ्यात मोठी चूक कुठली असेल, तर ते हायसं वाटणं.

दीड तासाने गोटी बाहेर आली. गुलाबी बो, पावडरीचा वास, कापसासारखे केस. "नंतर एकदम शांत होती, काहीच त्रास दिला नाही," असं सर्टिफिकेटही मिळालं. मी फोटो काढला, स्टोरीवर टाकला, दोनशेच्या वर लोकांनी बदाम पाठवले.

घरी आल्यावर ती दिवाणाखाली गेली आणि रात्री जेवायलाही बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, पुढच्या उजव्या पायाच्या एका नखावर पिवळट पावडरीचा थर होता आणि खाली वाळलेलं रक्त. कुत्र्याच्या नखात आत रक्तवाहिनी आणि नस असते. काळ्या नखात ती बाहेरून दिसत नाही. नख जास्त कापलं गेलं की रक्त येतं आणि चांगलंच दुखतं. हे कसलेल्या ग्रूमरच्या हातूनही होतं, त्यासाठीच रक्त थांबवायची पावडर सलॉनमध्ये ठेवलेली असते. त्याबद्दल मी कुणाला फासावर देणार नाही. पण ती पावडर लावणाऱ्याने दार उघडून मला एक वाक्य सांगायला हवं होतं. त्याने वर बो बांधला.

तीन आठवड्यांनी, पाऊस धोधो पडत असताना, आई गोटीचे चिखलाचे पाय टॉवेलने पुसत होती. उजवा पाय हातात घेतला आणि गोटी चावली. लाडात दात लावतात तशी नाही, रक्त काढलं. आईला इंजेक्शनं घ्यावी लागली. दादाची दोन वर्षांची मुलगी दर रविवारी आमच्याकडे येते. बाबा त्या रात्री जेवताना शांतपणे म्हणाले, "चांगलं घर बघ आणि देऊन टाक तिला." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी माझाच तो स्टोरीवरचा फोटो पुन्हा उघडला. यावेळी बो सोडून बाकीचं बघितलं. कान मागे चिकटलेले. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय. जीभ नाकावर. ही कुत्र्याच्या भीतीची अगदी बाळबोध लक्षणं आहेत, कुठलाही प्राण्यांचा डॉक्टर दोन मिनिटांत शिकवेल. मी ती 'कसली गोड जीभ काढलीये' अशा कॅप्शनखाली जगाला दाखवली होती.

आता त्या 'शांत होती' या शब्दांबद्दल.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, आज वाचतानाही पोटात ढवळतं. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण नाकाने एक पट्टी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, पण त्यांनी काहीही केलं तरी थांबायचे नाहीत. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री तिथेच पडून राहिली. सुटका समोर असून झटके खात राहिली. याला शिकलेली असहायता म्हणतात आणि मानसशास्त्राच्या पुस्तकात ती आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली असते.

त्याचा पुढचा भाग मात्र कमी लोकांना माहीत असतो. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे स्वतःचा सिद्धांत उलटा केला. त्यांनी लिहिलं की असहायता शिकावी लागत नाही. त्रास लांबत गेला की गप्प पडून राहणं ही शरीराची मूळ प्रतिक्रियाच असते. शिकावा लागतो तो ताबा. म्हणजे 'मी काही केलं तर हे थांबू शकतं' हा अनुभव आधी यावा लागतो.

ब्लोअर म्हणजे विजेचा झटका नव्हे, आणि एका खोलीत काय झालं ते एका प्रयोगावरून सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण गोटी त्या टेबलावर उभी होती तेव्हा तिच्या गळ्यात वरच्या दांडीला बांधलेला पट्टा होता. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. त्या कानांजवळ ब्लोअर. ती ओरडली, काही थांबलं नाही. पाय मागे ओढला, काही थांबलं नाही. मग ती गप्प झाली. त्या गप्प होण्याला सलॉनने 'शांत' म्हटलं आणि मी पैसे दिले. तीन आठवड्यांनी आईने तोच पाय धरला तेव्हा तिला कळलं की एक गोष्ट केली तर हे थांबतं. दात लावले तर. आमच्या घरात ताब्याचा पहिला धडा तिला चावून मिळाला, कारण तिच्या आधीच्या कुठल्याच बोलण्याला आम्ही उत्तर दिलं नव्हतं.

वयाचा मुद्दाही आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाची ओळख करून घेतं, काय ओळखीचं आणि काय धोक्याचं ते ठरवतं. ही खिडकी मग हळूहळू लोटली जाते. आणि आपण याच काळात लसी पूर्ण व्हायच्या म्हणून पिल्लाला घरात ठेवतो. ते योग्यच आहे, पार्व्होने पिल्लं दगावतात. पण घरात ठेवणं म्हणजे काही न शिकवणं नव्हे. त्या आठवड्यांत मी गोटीचे सहाशे फोटो काढले. तिचा एकेक पंजा हातात घेऊन एकेक खाऊ दिला असता, शेजारच्या खोलीत हेअर ड्रायर लावून तिच्यासमोर जेवण ठेवलं असतं, तर रोजची पाच मिनिटं लागली असती. मला कुणी सांगितलं नाही. पण मी विचारलंही नाही. रेनकोट मात्र ऑनलाइन शोधून मागवला होता.

माझी बाजू मी घरी मांडली तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्याकडे बैलाला पाडून, चारी पाय बांधून पत्री मारायचे. बैल काय दुसऱ्या दिवशी शिंगं मारत नव्हता." बाबा शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे हा मुद्दा फोनवर स्क्रोल करून उडवता येत नाही. मी त्यांना विचारलं, पहिल्यांदा पाडला तेव्हा तो केवढा होता? ते म्हणाले, जाणता बैल, कामाला लागलेला. आणि गोऱ्हा असताना? त्यावर ते जरा थांबले. मग सांगू लागले की आजोबा गोऱ्ह्याच्या पाठीवरून, मानेवरून, खुरांवरून रोज संध्याकाळी हात फिरवायचे, दुसऱ्या कुणाला त्याच्या अंगावर ओरडू द्यायचे नाहीत. "अंगाला हात माहीत पाहिजे," असं म्हणायचे. म्हणजे जबरदस्ती होती, ती मी गोड करून सांगणार नाही. पण तिच्याआधी कित्येक महिन्यांचा ओळखीचा हात होता. एसी सलॉनमध्ये जबरदस्ती शिल्लक राहिली आणि हात तेवढा गेला.

सलॉनची बाजूही ऐका, कारण ती खोटी नाही. नंतर मी एका मुलीशी बोलले, ती दोन वर्षं अशाच कामात होती. दिवसाला आठ-दहा कुत्री, वरचे पैसे कुत्र्यामागे. जो थांबेल त्याचा खिसा रिकामा राहतो. शिक्षण म्हणजे आधीच्या मुलाने केलं ते बघून करायचं. तिच्या मनगटावर दातांच्या खुणा होत्या आणि औषधाचा खर्च तिचा तिनेच केला होता. तिने मला एक गोष्ट सुनावली. "ताई, अर्धे केस कापून पिल्लू परत दिलं तर तुम्ही पैसे द्याल का? की वाईट रिव्ह्यू टाकाल?" मी वाईट रिव्ह्यू टाकला असता. मला बो हवा होता.

इथे खरी गाठ आहे. न्हावीकाका अर्ध्या टकलावर थांबू शकले, कारण आमच्या घरातल्या कुणालाही फोटोत पूर्ण टक्कल नको होतं. सलॉन थांबू शकत नाही, कारण आपण बाहेर बसून तयार झालेलं पिल्लू विकत घेत असतो.

कायदा? बघितला. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत. विक्रीसाठी प्राणी ठेवणाऱ्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, नोंदणी करावी लागते. नुसतं ग्रूमिंग करणारं दुकान यातल्या कशातच बसत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० चा. त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. गोटीच्या बोची किंमत त्याहून जास्त असेल. आणि गोटीबाबत क्रूरता झाली असं मी म्हणतही नाही. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. एका घाबरलेल्या पिल्लाचं काम वेळेत उरकलं, एवढंच. म्हणूनच कुठला कायदा येऊन हे सोडवेल असं मला वाटत नाही. सही आपण करतो, पैसे आपण देतो, तर अटीही आपणच घालायला हव्यात.

माझ्या अटी अशा. स्टिकर काढा. काही कुत्री मालक दिसला की खरंच जास्त उसळतात, मान्य. तर मला दिसेल आणि तिला दिसणार नाही अशी सोय करा, कॅमेरा लावा. पण जिथे बघायलाच बंदी आहे तिथे मी पिल्लू सोडणार नाही. पहिल्या भेटीत कात्री, ब्लोअर, नखं काही नको. टेबलावर चढायचं, खाऊ खायचा, ग्रूमरचा हात अंगावरून फिरू द्यायचा आणि घरी यायचं. त्याचे पैसे घ्या. पिल्लू ओरडलं तर थांबा आणि मला बोलवा. जखम झाली तर मी विचारायच्या आधी सांगा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात वाळवायला ठेवू नका, त्यांना श्वास आधीच पुरत नाही आणि उष्णता सोसत नाही.

आणि आपली अट एकच. अर्धवट कामाचे पूर्ण पैसे द्यायचे. एका बाजूचे केस लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड असं पिल्लू हसत घरी न्यायचं आणि रिव्ह्यूत लिहायचं की इथे थांबतात. हे जमत नसेल तर आपण पेट पॅरेंट हा शब्द वापरू नये. लेकराचा आवाज ऐकून उठलेल्या बाईला खाली बसवता येतं, असा पॅरेंट मी होऊन बघितलाय.

"पुढच्या वेळी गुंगीचं देऊन करून घे" असा सल्लाही मला मिळाला. कधी कधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तेही लागतं. गाठी इतक्या झाल्या असतील की जागेपणी सोडवणं म्हणजे हाल, तर लागतंच. पण सलॉनमधल्या कुणी अंदाजाने गोळी द्यायची नसते, आणि निरोगी पिल्लाच्या पहिल्या वर्षातच आपण तिथवर पोहोचलो असू तर आधी कुठे चुकलो ते बघावं.

बाबांकडून मी सहा महिने मागून घेतले. कुत्र्याला साधारण १८ नखं असतात. पहिला महिनाभर आम्ही एकही कापलं नाही. नेलकटर नुसतं जमिनीवर ठेवायचं आणि शेजारी पनीरचा तुकडा. मग नेलकटर हातात. मग पायाला नुसता स्पर्श. तिने पाय मागे घेतला की मी हात मागे घ्यायचे, दर वेळी, अगदी दर वेळी. रोज संध्याकाळी दहा मिनिटं. दादाची मुलगी आली की गोटी आतल्या खोलीत, दार लावून. चार महिन्यांनी पहिलं नख कापलं, डाव्या पायाचं. उजव्या पायाची तिन्ही झाली, ज्यातून रक्त आलं होतं ते अजून बाकी आहे. केसांसाठी एक बाई घरी येतात. पहिल्या दोन वेळा त्या फक्त चहा पिऊन गेल्या, पैसे घेऊन. सध्या गोटीचा डावा कान उजव्यापेक्षा केसाळ दिसतो.

सहा महिने गेल्या आठवड्यात संपले. बाबांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. रविवारी मी नेलकटर घेऊन बसले तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून खाली जमिनीवर येऊन बसले, गुडघे दुखत असताना, आणि मांडीवर हात थोपटला. गोटी गेली. मी उजवा पाय हातात घेतला, तिने तो ओढून घेतला, मी सोडला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "उद्या बघू."